झाकणासकट

ऋता, निखिल,

उन्हाळ्यात आलात तेव्हा निखिलने माझी बाल्कनी आवरली, त्याबद्दल त्याला शाबासकी देऊन झालीच आहे. आवरता आवरता त्याने तिथल्या वस्तूंचे फोटो काढून विक्रीला टाकले होते, हे मात्र मला आत्ता कळलं. आरामखुर्ची गेली, रिकाम्या कुंड्या गेल्या, त्याचं मला काही नाही. पण शनिवारी त्याने फोनवर विचारलं, "आजी, त्या लोखंडी झाकणाला ऑफर आलीय. माणूस वजन विचारतोय. देऊन टाकू?" मी नाही म्हटलं. एवढं गंजकं झाकण ठेवून करणार काय, असं तो म्हणाला, आणि ऋताने ग्रुपवर हसरे चेहरे पाठवले.

कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय माझं वय पाहता त्या झाकणाची जबाबदारी लवकरच दुसऱ्या कुणाकडे जायला हवी, आणि ज्याच्याकडे जाईल त्याला ती काय आहे हे ठाऊक असलेलं बरं. झाकण ज्या बाईचं होतं तिला सगळी गल्ली आपा म्हणायची. मीही इथे आपाच लिहिते.

तुमचे आजोबा गेल्यावर मी अकोल्याला, जठारपेठेत, आपाच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची माझी ती शेवटची वर्षं. खाली आपा आणि तिचा मुलगा सलीम, आणि अंगणाच्या पलीकडे मोठं पत्र्याचं गोदाम. त्यांचा बिछायतीचा धंदा होता, म्हणजे लग्नाला लागणारं सगळं सामान भाड्याने देण्याचा. मांडव, सतरंज्या, गाद्या, झुंबरं, ताटवाट्या आणि स्वयंपाकाच्या देगा. नवरा गेल्यावर आपानेच तो चालवला. उंच, हाडकुळी बाई, मनगटावर नवऱ्याचं सैल घड्याळ, आणि बोलणं असं की पुण्याहून आलेली माझी बहीण पहिल्या दिवशी मला म्हणाली, "तुझी घरमालकीण तुला रागावते का गं?" रागावत नव्हती. तिचं प्रेमाचं बोलणंही तसंच होतं.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट होती. पाऊस ओढ द्यायचा, कपाशीला भाव मिळायचा नाही, सकाळी वर्तमानपत्र उघडायला नको वाटायचं. आपाला ते गोदामात दिसायचं. ज्या गावांना तिचं सामान ट्रॅक्टर भरभरून जायचं, तिथल्या मुलींची लग्नं आता सामूहिक मेळाव्यांत लागत होती. घरापुढे मांडव पडत नव्हते. झुंबरांवर धूळ साचली. शेवटी सलीमने ठरवलं की सामान विकायचं आणि गोदाम एका बियाणं-खतांच्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचं. भंगारवाला सगळं एका फेरीत उचलायला तयार होता. आपा म्हणाली, "एकेक विकीन. ज्याले लागते त्याले."

सलीमने तिच्या फोनवर जाहिराती टाकून दिल्या. पण आपाला वाचायला फक्त उर्दू येत होतं आणि ऑफरी यायच्या इंग्रजीत, मराठीत, किंवा दोन्हींच्या खिचडीत. म्हणून रोज संध्याकाळी मी खाली उतरायचे. अंगणात नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली सिंहासनखुर्च्या पडल्या होत्या, त्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं. नवऱ्याच्या खुर्चीत आपा बसायची आणि नवरीच्या खुर्चीत मी. मी ऑफर वाचायचे, ती डोळे मिटून ऐकायची आणि उत्तर सांगायची.

पहिल्याच दिवशी कुणीतरी दोनच शब्द पाठवले होते, 'लास्ट प्राइस?'

"सलाम नाई, दुआ नाई, आन् एकदम लास्ट?" आपा म्हणाली. "लिवा त्याले, मॅडम, आधी फर्स्ट त होऊ दे."

मी ते तसंच लिहिलं. तो माणूस बहुधा हसला, कारण दुसऱ्या दिवशी येऊन शंभर ताटं घेऊन गेला.

एकाने सतरंज्यांना सांगितलेल्या किमतीचा चौथा हिस्सा देऊ केला. मला त्याचा संताप आला. असल्या माणसाला उत्तरच द्यायचं नाही, असं मी म्हटलं. निखिल, तुझ्या सायकलला कुणी फार कमी पैसे देऊ केले म्हणून तू जाहिरातच काढून टाकलीस ना? तुझा हा तापटपणा कुठून आला ते मला ठाऊक आहे. आपाने डोळे उघडले. "रागावता काहून? त्यानं शिवी देल्ली का? भाव सांगतला. कमी सांगनारा मानूस निदान दारात उभा हाये. न सांगनारे रस्त्यानं चालले." त्या माणसाला ती दहा दिवस रोज एक वाक्य पाठवत राहिली. सतरंज्या त्यानेच घेतल्या.

भाव ती कमी करायची नाही. कधीच नाही. अडलं की वर काहीतरी घालायची. अंजनगाव सुर्जीहून एक मंगल कार्यालयवाले झुंबर बघायला आले. ते हजार कमी करा म्हणाले, आपाने दोर आणि कप्पी घातली. ते पाचशे म्हणाले, आपाने लोड घातले. ते आणखी अडून बसले, तेव्हा तिने एक शिडी घातली. जाताना बिचाऱ्यांना सामान न्यायला दुसरा टेम्पो करावा लागला. किंमत पूर्ण मोजून, आपण आपाला लुटलं अशा चेहऱ्याने ते गेले.

"शिडी काहून दिली?" मी विचारलं.

"झुंबर काय जमिनीवर ठेवन का तो?"

तिचा सगळ्यात कडक नियम चहाचा होता. सौदा ठरेपर्यंत चहा नाही. भर मे महिन्यात माणूस दोन तास घासाघीस करत बसला तरी त्याला माठातलं पाणी मिळे, चहा नाही. मला ते कसंतरी वाटायचं. एकदा मी वरून कप घेऊन उतरत होते तर तिने जिन्यातच मला अडवलं. "पानी त्याचं हक्काचं हाये. चहा पेला का तो पावना झाला. मंग पावन्याले नाई कसं म्हनाचं, मॅडम? त्यानं फुकट मागतलं तरी द्या लागन." बिछायतीच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच हे माहीत होतं. आपाच्या घरचं खाऊन कुणी काही मागितलं आणि ती नाही म्हणाली, असं कधी झालं नव्हतं. म्हणूनच खाऊ घालण्याआधी ती इतकी जपायची.

आता देगेचं सांगते.

गोदामात देगा बऱ्याच होत्या, पण एक सगळ्यांत मोठी, तांब्याची, उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत येणारी. तिला 'साधी' म्हणायचे. तिच्यात कधीही मटण शिजलं नव्हतं. आपाच्या सासऱ्यांनी ती हिंदूंच्या पंगतींसाठी आणि देवळांच्या प्रसादासाठी वेगळी ठेवली होती. मुसलमानाच्या घरची देग गावोगावचे लोक देवळात न्यायचे, ते या घराच्या शब्दावर. आपाने तो शब्द पुढे चालवला. साधीचा धुण्याचा काथ्यासुद्धा वेगळा, खुंटीवर टांगलेला. एकदा सलीमच्याच लग्नात आचाऱ्याने घाईत साधी ओढली, तर आपाने भर मांडवात त्याच्या हातातला झारा काढून घेतला होता, असं सलीम सांगायचा.

साधीची किंमत आपाने तेव्हाच्या तांब्याच्या भावापेक्षा कमी लावली होती. मी तसं म्हटलं तर ती उसळली. "मी तांबं विकून राहिली का? देग विकून राहिली." वजन विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, असा मला सक्त हुकूम होता. वजन विचारतो तो वितळवायला नेतो. जाहिरातीत तिने मला मुद्दाम लिहायला लावलं, 'झाकणासकट'. फोटोत मात्र झाकण येऊ दिलं नाही. ते जाड लोखंडी झाकण तिने स्वतःच्या खोलीत पलंगामागे उभं करून ठेवलं. मी कारण विचारलं. "राहू द्या," एवढंच म्हणाली.

रमजान सुरू झाला. पाऊस लांबलेला, रोजे कडक. सलीमने आईला स्पष्ट सांगितलं. घरात ती दोघं हिंदीतच बोलत. "अम्मी, ईद तक। ईद के बाद गोदाम खाली चाहिए, मैंने ज़बान दी है। तब तक साधी नहीं बिकी तो भंगार में जाएगी। मैं फिर नहीं सुनूँगा।"

तो वाईट मुलगा नव्हता. दोन वर्षं तो गिऱ्हाईकाविना पडलेल्या गोदामाचं कुलूप उघडून संध्याकाळी पुन्हा लावत होता.

आपा एकदाच "ठीक है" म्हणाली, पण त्या दिवसापासून ती मला संध्याकाळच्या ऐवजी दुपारीच हाक मारू लागली. "आली का कोनाची?" वजन विचारणारे येत होते, बाकी कुणी नाही. मग एका गावच्या शाळामास्तरांचा निरोप आला. गाव कौंडण्यपूरच्या अलीकडचं, वर्धेच्या काठाजवळचं. त्यांनी फोटोतल्या पोच्यावरून देग ओळखली होती. 'ही साधीच ना? जत्रेच्या प्रसादाला आम्ही नेत होतो. गाव वर्गणी करत आहे.' आणि खाली त्यांनी आकडा लिहिला होता, सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्याहून थोडा जास्त. मी वाचून दाखवला. आपाने मला तो पुन्हा वाचायला लावला.

"लिवा, किंमत कमी होत नाई. ईदच्या आत येऊन पाहून जा."

मास्तरांचं उत्तर आलं, वर्गणी जमते आहे, ईदच्या आत येतो. मग ते येईनात. पेरणीचे दिवस होते.

ईदला तीन दिवस उरले असताना अमरावतीच्या एका माणसाचा निरोप आला. 'केटरिंगचा व्यवसाय आहे. शाकाहारी पुलावासाठी हवी. पूर्ण किंमत देतो. उद्या टेम्पो घेऊन येतो.'

सलीम आनंदाने टाळी वाजवून म्हणाला, "अम्मी, पूरी क़ीमत! और पकाने के लिए ही ले रहा है। अब क्या चाहिए?"

मलाही हायसं वाटलं. आपाला मात्र वाटलं नाही. ती सिंहासनाच्या फाटक्या मखमलीतला कापूस बोटाने आत ढकलत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एक रुपया कमी करा म्हनला नाई. ज्याले वस्तू पायजे तो घासाघीस करते, मॅडम. न करनाऱ्याले तांबं पायजे असते."

"पण नाही म्हणायला कारण काय देणार?" मी विचारलं.

"कारन नाई. येऊ द्या."

सलीमने त्या माणसाला फोन करून बोलावलं, आणि नाहीतर देग भंगारातच जाणार होती, हेही बोलून गेला.

तो आला दुसऱ्या दिवशी, रोजा सुटायला जेमतेम दहा मिनिटं असताना. नीटनेटका माणूस, पांढरा शर्ट, बरोबर टेम्पो आणि दोन हमाल. सलीमने अंगणात दस्तरखान अंथरलं होतं. खजूर, भजी, कापलेली कलिंगडं. आपाने ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मला तिचं संकट लगेच कळलं. सौद्याआधी खाऊ घालायचं नाही, आणि रोजा सुटताना दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही. त्याने नेमकी ही वेळ साधली होती की योगायोग होता, ते आजही मला सांगता येत नाही. तो शांतपणे चपला काढून बसला.

अजान झाली. आपाने स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे खजूर धरला. त्याने घेतला, खाल्ला, भजी खाल्ली, हात पुसले आणि उठून गोदामाच्या दारापाशी ठेवलेल्या साधीकडे गेला. आम्ही बघत होतो. त्याने आत पाहिलंच नाही. वाकून बुडाला बोट लावलं, आणि खिशातून किल्ली काढून हळूच तिथे ओरखडा काढला.

सलीमचा शरबताचा हात तिथेच थांबला.

"बढिया," तो माणूस म्हणाला आणि आपासमोर येऊन नोटा काढल्या. "गिनून घ्या, आपा. पूर्ण आहेत."

आपाने नोटांना हात लावला नाही. तिने विचारलं ते अगदी मऊ आवाजात, मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "अजून काई राह्यलं का, भाऊ?"

"नाही."

"पाहून घ्या बरं. पुलाव करनार ना तुमी? काई राह्यलं असन."

"काही नाही राहिलं." त्याने हमालांना खूण केली. ते देगेचे कान धरून उभे राहिले.

"झाकन," आपा म्हणाली.

तो हसला. "अच्छा, ते. लोखंडी असेल ना? राहू द्या तुमच्याकडेच."

सलीम बिछायतीत जन्मलेला. वाफ कोंडून दम दिल्याशिवाय पुलाव होत नाही आणि झाकणाशिवाय दम बसत नाही, हे त्याला दूध पिताना कळलेलं. तो आईकडे बघत होता. आपा मान खाली घालून बसली होती. आता नाही म्हणायचं तर समोरचा माणूस तिच्या घरचं खाऊन बसला होता. तिने हात नोटांकडे पुढे केला.

"रखो," सलीम म्हणाला. आधी मला वाटलं तो आईला सांगतोय. पण तो हमालांना सांगत होता. "नीचे रखो. भाऊ, नाई देत आमी. पैसे उचला तुमचे."

"अरे, पण तूच तर फोनवर..."

"मी भंगारवाल्याले देनार होतो, तर भंगारवाला म्हनूनच आला असता ना बाप्पा! आमच्या दस्तरखानावर बसून पुलाव कायले सांगतला?"

आणि इथे आपा उठली. मला वाटलं मुलाला जवळ घेईल. तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं. "घर आए मेहमान को ना बोलता है? यही सिखाया मैंने? शरम नहीं आती?" सलीम मुकाट ऐकत उभा राहिला, पण देगेसमोरून हलला नाही. आपाने त्याच्याकडे पाठ फिरवून उरलेली सगळी भजी कागदात बांधली, त्या माणसाच्या आणि दोन्ही हमालांच्या हातात दिली, मुलाच्या वतीने माफी मागितली, आणि टेम्पो गल्लीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर दारात उभी राहिली.

आत आल्यावर तिने स्वतःचं ताट सलीमपुढे सरकवलं.

"और गोदाम?" त्याने खाता खाता विचारलं. "ईद के दूसरे दिन बीजवाला आएगा।"

"ईद के बाद की ईद के बाद देखेंगे।"

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले. सोबत गावचे दोन म्हातारे, उसनी आणलेली जीप. म्हाताऱ्यांपैकी एकाने धोतर सावरलं, देगेत डोकं घातलं, आतल्या कल्हईवरून हात फिरवला, आणि डोकं बाहेर काढून पहिलं वाक्य बोलला, "आपा, झाकन कुठी हाये?"

आपाने माझ्याकडे पाहिलं. मग घासाघीस सुरू झाली, आणि तुम्हाला वाटेल तिने ती सोपी केली असेल. मुळीच नाही. त्या उन्हातून आलेल्या माणसांना तिने माठातल्या पाण्यावर ठेवलं. मास्तर थोडं थोडं चढत होते, आपा जागची हलत नव्हती. तिने झारे घातले, तिपाई घातली, परात घातली. पण मास्तरांच्या रुमालात होतं ते होतं. किंमत गाठायला बरंच कमी पडत होतं. शेवटी म्हातारा म्हणाला, "चाला मास्तर. लोकायनं देल्लं तेवढंच हाये. उधारी करून परसाद कायले कराचा."

ते उठले. मला राहवेना. "आपा, थोडी किंमत कमी..."

"किंमत कमी होत नाई," ती ओरडली. मग त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बसा. किंमत झाकनासकट लिवली हाये. मॅडमनं सोता लिवली. झाकन मी विकत नाई. झाकनाचे पैसे वजा करा."

मास्तर गोंधळले. "झाकणाचे किती?"

"तुमाले किती कमी पडून राह्यले?"

मास्तरांनी सांगितलं.

"तेवढेच."

म्हातारा आधी हसला, मग त्याने डोळे पुसले. आपाला ते आवडलं नाही. "रडता काहून? झाकन माहं हाये म्हनलं. कार्तिकात जत्रेच्या आधी घ्याले या जा, परसाद झाला का आनून द्या जा. नाई आनलं तर म्या समजीन, देग विकून खाल्ली. गावात येऊन बोंबलीन." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आता चहा टाका."

त्या कार्तिकात ते झाकण न्यायला आले, घासून आणून दिलं, सोबत प्रसादाची बुंदी. दर वर्षी आले. आपा प्रत्येक वेळी झाकण उलटंपालटं करून बघायची आणि म्हणायची, "काठावर जळलं हाये. खाली जाळ जास्त लावता तुमी." ती गेली तेव्हा सलीम पुण्याला नोकरीला लागला होता, आणि मी अमरावतीला या फ्लॅटमध्ये आले होते. ते गाव इथून जवळ पडतं. सलीमने झाकण एसटीत घालून माझ्याकडे आणून ठेवलं. तेव्हापासून गावचे लोक दर कार्तिकात माझ्याकडे येतात.

निखिल, त्या वजन विचारणाऱ्याला उत्तर देऊ नकोस. जाहिरात काढून टाक. पुढच्या आठवड्यात मास्तरांचा मुलगा ते जत्रेला न्यायला येईल. झाकणाचं ओझं आता मला उचलत नाही, म्हणून ते दाराशी आणून ठेवायला मी वॉचमनला सांगितलं आहे. देग त्या गावाच्या देवळात आहे, तिच्यात दर वर्षी प्रसाद शिजतो, आणि झाकण माझ्याकडे आहे.

तुमची आजी